बर्फाची वाट

आपल्या वसईच्या पट्ट्यात नाताळच्या आठवड्यात घरोघरी बर्फ पडतो. तो कापसाचा असतो. किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणायची, वाळू भरलेल्या डब्यात ती रोवायची आणि तिच्या बारीक पानांवर कापसाचे पुंजके अडकवायचे, हा उद्योग आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने बालपणी केलेला आहे. गव्हाणीच्या गवती छपरावर कापूस, मेंढपाळांच्या वाटेवर कापूस, आणि उंटाच्या पायाखालीही कापूसच! हा बर्फ आमच्याकडे पोर्तुगिजांनी आणला असे काही जण समजतात. पण त्यांच्या लिस्बन शहरातही तो क्वचितच पडतो. तो आला असावा तो बहुधा विलायती भेटकार्डांवरून. मूळ बेथलेहेमचे म्हणाल, तर ते गाव यहूदियाच्या डोंगराळ मुलखात सुमारे ७७५ मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या माथेरानइतक्या उंचीवर वसलेले आहे. तेथे हिवाळ्यात थंडी पडते, पाऊस पडतो. बर्फ पडला तर ती बातमी होते.

हे सारे ठाऊक असूनही बर्फातल्या नाताळचे एक चित्र मनात घर करून राहते. आम्ही चौघे मित्र डिसेंबर २०१८ मध्ये सिमल्याला निघालो तेव्हा गावात सर्वांनी आमच्या जाण्याचा हाच अर्थ लावला, की या म्हाताऱ्यांना या वयात बर्फ पाहण्याची हौस आली आहे. आम्हीही तो समज खोडून काढला नाही.

खरे कारण वेगळे होते. आमच्यातल्या बागायतदार मित्राची पत्नी, आमची वहिनी, त्या वर्षीच्या उपवासकाळात वारली. दोन वर्षांचे आजारपण, इस्पितळाच्या वाऱ्या आणि कर्ज मागे ठेवून ती गेली. दोन्ही मुलगे परदेशी. अडीच एकरांची वाडी, तीत केळी, पानवेलीचे शेवटचे काही वाफे आणि मध्ये एक जुने बावखल. पावसाळा संपता संपता एक बांधकाम व्यावसायिक त्याच्या ओटीवर येऊन बसू लागला होता. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या मित्राने आयुष्यात कधी उच्चारलीही नव्हती. विहिरीचे पाणी मचूळ झालेले, पानाला पूर्वीचा भाव नाही, मजूर मिळत नाही, मुले परत येणार नाहीत. मग ठेवायची कोणासाठी? हा प्रश्न तो आम्हांला विचारीत नसे. मोठ्याने बोलून दाखवी, एवढेच.

आणि त्यात नाताळ येत होता. घरात मृत्यू झाल्यानंतरचा पहिला नाताळ कसा असतो हे ज्याने तो काढला आहे त्यालाच कळेल. शेजारी सांदणे वाफवली जात असतात, करंज्या तळल्या जात असतात, आणि लोक प्रेमाने ताटे झाकून आणून देतात. त्या ताटांकडे बघवत नाही. त्यांच्या घरची गव्हाणी वहिनीच मांडत असे. पंधरा दिवस आधी ती नारळाच्या करवंट्यांतून माती भरून नाचणी पेरी. नाताळच्या आदल्या दिवशी बोटभर हिरवेगार रोप तयार असे. त्या करवंट्या गव्हाणीभोवती अशा दाटीने लावायची की बेथलेहेमचे कुरण वसईतच आहे असे वाटावे. त्या वर्षी आगमनकाळाचे दोन रविवार उलटले, तरी त्याच्या ओटीवर एकही करवंटी दिसली नाही. तेव्हा आमच्यातला रेल्वेतून निवृत्त झालेला मित्र म्हणाला, “याला येथून काही दिवस हलवले पाहिजे.” तिकिटे काढणे हे त्याचे आयुष्यभराचे शास्त्र, दोन दिवसांत त्याने ती काढली.

नाताळ हा घरचा सण, तो टाकून डोंगरात काय जायचे, असा आक्षेप आमच्याच घरांतून आला. मला त्या आक्षेपात तथ्य वाटले, आजही वाटते. तथापि नाताळचा इतिहास पाहिला तर त्यात डोंगर आणि मित्र हे दोन्ही वारंवार भेटतात. संत फ्रान्सिसने १२२३ साली ज्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा जिवंत देखावा मांडला, ते गाव इटलीतल्या एका डोंगराच्या कड्याला चिकटून आहे. फ्रान्सिसने तेथे जाऊन आधी निरोप दिला तो जोव्हान्नी या आपल्या मित्राला: गवत आण, बैल आण, गाढव आण. गुहेत मिस्सा झाली, आसपासचे लोक मशाली घेऊन आले. आज घरोघरी आपण जी गव्हाणी मांडतो तिचे मूळ त्या डोंगरातल्या रात्रीत आहे. हा युक्तिवाद मी घरी केला. सौभाग्यवतीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि दोन जादा स्वेटर पिशवीत टाकले.

मुंबईहून चंदीगड आणि तेथून कालका. कालक्याहून सिमल्याला जाणारी छोटी गाडी १९०३ साली सुरू झाली. ९६ किलोमीटरच्या प्रवासात शंभरावर बोगदे आणि आठशेहून अधिक पूल आहेत. साडेसहाशे मीटरवरून निघून ती आपल्याला दोन हजार मीटरच्या वर नेऊन सोडते. युनेस्कोने २००८ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आमचा रेल्वेवाला मित्र ही सर्व माहिती प्रत्येक स्थानकावर नव्याने सांगत होता. बडोगचा बोगदा एक किलोमीटरहून लांब आहे. त्याच्या आधी खणलेला बोगदा दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळलाच नाही आणि त्या अपयशाने खचून जाऊन बडोग नावाच्या अभियंत्याने आत्महत्या केली, अशी कथा तेथे सांगतात. पुढे भलकू नावाच्या एका अशिक्षित पहाडी माणसाने काठीने खडक ठोकून नवी दिशा दाखवली, असे त्याच कथेचे दुसरे अर्धे आहे. आम्ही गाडीत बसून ती ऐकली. बागायतदार मित्र खिडकीतून बाहेर पाहत होता. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे बोट दाखवून त्याने पहिल्यांदाच काही विचारले: “एवढ्याशा जागेत यांचा बैल वळतो कसा?” त्या प्रश्नाने मला फार बरे वाटले.

सिमल्यात बर्फ नव्हता. आकाश निळेशार, ऊन स्वच्छ, आणि रिजवर माणसांचा पूर. नाताळला तेथे हमखास बर्फ पडतो ही पर्यटकांची समजूत आहे. प्रत्यक्षात अनेक वर्षे तो नाताळ चुकवून जानेवारीतच येतो. रिजच्या टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले पिवळसर रंगाचे क्राइस्ट चर्च आहे. ते अँग्लिकन परंपरेतले, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. दिव्यांच्या रोषणाईत ते इतके देखणे दिसत होते की त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढण्यासाठी रांग लागली होती. त्या गर्दीत ख्रिस्ती माणसे किती असतील, हा प्रश्न आमच्या बँकेतल्या मित्राला पडला. मला तो प्रश्न गैरलागू वाटला. आपल्या सणाला कोणी कौतुकाने पाहायला येत असेल, तर दारात उभे राहून त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला मागायचा नसतो.

आमचे, म्हणजे कॅथोलिकांचे संत मायकलचे चर्च मात्र मॉलच्या खालच्या अंगाला आहे. १८८० च्या दशकात बांधलेले, दगडी, गंभीर. २४ तारखेच्या रात्री आम्ही तेथे गेलो. मिस्सा हिंदीतून होती. भगिनी केरळच्या. बाकांवर बरीच कुटुंबे झारखंडातून रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या कामावर आलेल्या मजुरांची. बायकांनी पातळ साड्यांवर पुरुषी कोट चढवले होते आणि मुले शालीत गुंडाळून पाठीशी बांधली होती. घरापासून इतक्या दूर आलेली ती माणसे पाहिल्यावर, आम्ही नाताळला घर सोडले याचे फार मोठेसे काही वाटेनासे झाले. सूर उंच लागले होते, ढोलक होता, आणि श्वासाची वाफ दिसत होती.

मिस्सेनंतर सर्व जण गव्हाणीपुढे गेले. छपरावर देवदाराच्या खऱ्या फांद्या होत्या. आणि त्या फांद्यांवर काय असावे? कापूस! बँकेतल्या मित्राला हसू आवरेना. “अरे, एवढे पंधराशे किलोमीटर आलो ते यासाठी?” तो म्हणाला. मग आम्ही सारेच हसलो. बागायतदार मित्रही हसला आणि हसता हसता एकदम रडू लागला. पुढे उभ्या असलेल्या एका झारखंडी म्हातारीने मागे वळून पाहिले, काही विचारले नाही, आणि आपल्या हातातली मेणबत्ती त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ ती धरून उभा होता. आम्ही तिघे बाजूला झालो.

नाताळच्या दिवशी दुपारी आम्ही वर निघालो. रेल्वेवाल्या मित्राच्या एका जुन्या सहकाऱ्याचे घर कोटगढच्या बाजूला, सिमल्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर. हिंदुस्थान-तिबेट रस्ता देवदारांच्या रानातून चढत जातो. नारकंड्याला, म्हणजे सुमारे २७०० मीटरवर, रस्त्याच्या सावलीच्या बाजूला जुना, मळका, घट्ट झालेला बर्फ होता. आयुष्यातला पहिला बर्फ! बँकेतल्या मित्राने तो मुठीत घेतला, वास घेतला आणि म्हणाला, “मासळीबाजारातला याहून पांढरा असतो.” बर्फाचे दर्शन एवढ्यावरच आटोपले.

कोटगढचे नाव सफरचंदाशी जोडले गेले ते एका अमेरिकन माणसामुळे. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू क्वेकर घराण्यातला तरुण १९०४ साली भारतात आला, तो कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी. पुढे तो कोटगढला राहिला, १९१२ साली तेथल्याच एका पहाडी ख्रिस्ती मुलीशी त्याने लग्न केले, आणि अमेरिकेहून ‘डिलिशस’ जातीची सफरचंदाची कलमे आणून लावली. स्वतःची लावून तो थांबला नाही; शेजाऱ्यांनाही ती वाटली. पहाडी माणसांवर लादल्या जाणाऱ्या वेठबिगारीविरुद्ध तो लढला, गांधीजींच्या असहकारात उतरून तुरुंगात गेला. १९३२ साली त्याने हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतले. हे शेवटचे ऐकून आमचा बँकेतला मित्र अस्वस्थ झाला. त्याची अस्वस्थता मी समजू शकतो; आपल्या या पानांवरही ती कोणाला वाटेल. मी एवढेच म्हणेन की ज्या लोकांत राहायचे त्यांच्यातलाच एक होऊन राहण्याची त्याची तळमळ खोटी नव्हती, आणि त्याने लावलेल्या झाडांखाली आज सर्व जण बसतात.

आमचे यजमान बहात्तर वर्षांचे होते. भिंतीशी लोखंडी शेगडी पेटलेली, तिच्यावर चहाचे भांडे, आणि समोर वाफाळणारे सिड्डू. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात सारण भरून वाफवलेला हा पदार्थ तुपाबरोबर खातात. आमच्या बागायतदार मित्राने पिशवीतून सुकेळी काढली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, दहा-बारा दिवस लागतात, रोज परतावी लागतात, हे त्याने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावले. यजमानांनी एक चाखली आणि डोळे मिटले. “भाईसाहब, यह तो मेवा है,” ते म्हणाले. नंतर दोघे आमच्याकडे पाठ करून जे बोलत बसले, ते जेवणाची ताटे येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी, संत स्तेफनच्या सणाला, सकाळी आम्ही बागेत गेलो. हिवाळ्यातली सफरचंदाची बाग पाहून प्रथम मन खिन्न होते. एकही पान नाही. खोडांना चुना लावलेला, फांद्या काळ्या, बाग जळून गेल्यासारखी. यजमान हातात छाटणीची कात्री घेऊन फिरत होते. ते जे बोलले ते मी शक्य तितके त्यांच्याच क्रमाने देतो. झाड मेलेले नाही, झोपले आहे. त्याला पुरेशी थंडीची झोप मिळाली नाही तर वसंतात ते धड जागे होत नाही. फुलोरा विस्कळीत येतो, फळ धरत नाही. जुन्या जातींना सात अंशांखालच्या थंडीचे हजाराच्या आसपास तास लागतात. आणि बर्फ? बर्फ म्हणजे खत आणि विहीर, दोन्ही. पाऊस येतो तसा उतारावरून वाहून जातो. बर्फ झाडाच्या बुंध्याशी बसून राहतो आणि थेंबाथेंबाने मुळांना पाणी पाजतो. गेल्या हिवाळ्यात तो फारसा पडला नाही, आणि या वर्षी पीक पडले. खालच्या गावांतून सफरचंद वर वर सरकत चालले आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळी जेथे उत्तम फळ येई, तेथे आता लोक दुसरी फळझाडे लावतात.

“मग तुम्ही काय करता?” आमच्या मित्राने विचारले.

“वाट पाहतो,” यजमान म्हणाले. “आणि तोवर छाटणी करतो.”

आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना मृगाच्या पावसाची वाट पाहणे ठाऊक आहे. बर्फाचीही कोणी अशीच वाट पाहत असेल हे कधी सुचलेच नव्हते. ज्याचे पुंजके आम्ही शोभेसाठी फांदीवर ठेवत आलो, ते येथे कोणाचे तरी वर्षभराचे अन्न होते. त्या सकाळी आकाश तसेच निळे होते, आणि यजमान बोलता बोलता मधूनच वर पाहत होते. ती नजर मी ओळखत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे प्रत्येक ओटीवर ती दिसते.

बागेच्या वरच्या अंगाला वीस-पंचवीस नवे खड्डे खणलेले होते. जुनी झाडे काढून तेथे नवी कलमे लावायची होती. मित्राने खड्ड्यात उतरून माती हातात घेतली, चुरगाळली, वास घेतला. ही कलमे केव्हा फळ देतील? यजमानांनी सांगितले, या नव्या जातीची तीन-चार वर्षांत, जुन्या पद्धतीची असती तर आठ-दहा. मुले? एक दिल्लीत, एक बंगळुरात. परत येतील? यजमानांनी खांदे उडवले. “झाडाला हे कोण सांगणार?” एवढेच म्हणून त्यांनी एक आडवी वाढलेली फांदी कापली, आणि मित्राच्या हातात कात्री देऊन पुढची कोठे कापावी ते दाखवले. पानवेलीची आणि केळीची कामे केलेला तो हात. दोन फांद्यांनंतर त्याला दाखवावे लागले नाही. आम्ही तिघे उन्हात बसून शेंगदाणे खात होतो आणि ते दोघे एका झाडाकडून दुसऱ्याकडे जात होते. जेवायला बोलावणे आले तेव्हा एक अख्खी ओळ छाटून झाली होती.

परतीच्या प्रवासात वाडीचा विषय निघाला, तो त्यानेच काढला. आम्ही कोणीही त्याला ‘विकू नकोस’ असे सांगितले नाही. कर्ज आमच्या डोक्यावर नव्हते, आणि दुसऱ्याच्या जमिनीबद्दल उदात्त बोलणे फार सोपे असते. आपल्या भागात ज्यांनी वाड्या विकल्या, त्या सगळ्यांनी हव्यासापोटीच विकल्या असे म्हणणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. मचूळ विहिरीने माणूस आधीच अर्धा हरलेला असतो.

जानेवारीत कोटगढहून फोन आला. भरपूर बर्फ पडला होता. रस्ते बंद होते, वीज नव्हती आणि यजमानांचा आवाज आनंदाने फुटत होता. आमच्या मित्राने तो फोन वाडीतच उभा राहून घेतला. ईस्टरनंतर त्याने रस्त्याकडेचे आठ गुंठे विकले आणि इस्पितळाचे देणे फेडले. उरलेली वाडी ठेवली. मे महिन्यात चार माणसे लावून बावखलातला गाळ उपसला. तो किती वर्षांनी उपसला हे गावात कोणालाच सांगता येईना. त्या पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरले. विहिरीच्या पाण्याचा मचूळपणा थोडा कमी झाला असे तो म्हणतो, आम्हांला चवीत फारसा फरक कळत नाही.

२०१९ च्या नाताळात त्याने गव्हाणी मांडली. करवंट्यांत नाचणीही त्यानेच पेरली. पण आठवडाभर आधीच पेरल्यामुळे ती वीतभर वाढली आणि मेंढपाळांच्या अंगावर आडवी झाली. आम्ही मिस्सेहून परतताना त्याच्याकडे गेलो तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि कात्रीने ती एकेक करवंटी छाटत होता. छपरावर कापूस नव्हता. बँकेतल्या मित्राने कापूस कोठे ठेवला आहे असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “कपाटात वरच्या खणात असेल. वहिनी तुझी तेथेच ठेवायची.” मग आम्ही तो शोधून काढला.